खुशनुमाची शिल्लक रजा

कुरुंद्याजवळच्या हळद कारखान्यातली नोकरी खुशनुमानं सोडली, तेव्हा तिची बरीच भरपगारी रजा शिल्लक होती. पाकिटं भरायच्या कामावर तिनं कधी ईदेलाही दांडी मारली नव्हती. न घेतलेल्या रजेचे पैसे जाताना मिळतात, हे तिला माहीत होतं. पण तिच्याआधी काम सोडलेल्या जगननं ते मागितले आणि आठवड्याच्या आत त्याच्यावर चोरीची तक्रार झाली. तो अजून पोलीस चौकीच्या खेपा घालत होता.

त्या धास्तीनं खुशनुमा एकदा गेटवरूनच परतली. नवरा सद्दाम सोबत येतो म्हणाला. त्याच्याही नावानं काही रचतील म्हणून तिनं त्याला घरीच ठेवलं आणि दुसऱ्या वेळी एकटी आत गेली.

मालक उकंडरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग मुकादम हिरासिंगला दार लावायला सांगितलं. हिरासिंगनं कडी घातली. गेल्या महिन्यात मोजणीत माल कमी भरला, तुला त्यातलं काही ठाऊक असेल, असं मालक अगदी हळू आवाजात म्हणाले. नकोत मला पैसे, जाऊ द्या, असं म्हणायच्या बेतातच ती होती.

तेवढ्यात दार वाजलं. हिरासिंगनं कडी काढली. कामावर खुशनुमाच्या शेजारी पाकिटं भरणारी शिवकन्या हळदीनं माखलेल्या हातांनी आत आली आणि तिच्याजवळ बसली. काय काम आहे, मालकांनी विचारलं.

"काम न्हाई. ही बाहीर येईस्तोवर बसते."

"अन् मशीन?"

"बंद करून आले."

मशीन बंद, आणि बाहेर गाडी मालासाठी खोळंबली होती. उकंडरावांनी एकदा गाडीकडं, एकदा दोघींकडं बघितलं. शेवटी त्यांनी हिशेबनीसाला फोन केला. पैसे खात्यात जमा झाल्यावरच दोघी उठल्या.

बाहेर आल्यावर खुशनुमानं शिवकन्येचा हात धरला. आता आत जाऊ नको, म्हणाली.

"मह्या घरी दुसरं कोण कमावतंय?" शिवकन्या म्हणाली आणि आत गेली. हिरासिंगनं गेट ओढून घेतलं.

खुशनुमाला घरी जाववेना. समोरच्या कडुलिंबाखाली ती सुट्टी होईपर्यंत बसली. बाया बाहेर पडू लागल्या. शिवकन्या सगळ्यांत शेवटी आली. कुणी काही बोललं नाही, म्हणाली, पण हिरासिंग दिवसभर मागं उभा होता.

दुसऱ्या दिवशी सुट्टीच्या वेळी खुशनुमा पुन्हा तिथं शिवकन्येची वाट बघत जाऊन बसली. या वेळी सोबत सद्दाम होता.