जिभेवर उरलेलं

पहाटेच्या निळसर उजेडात आप्पांचा डावा तळहात छातीसमोर स्थिर असायचा आणि त्यावरचं काळंभोर इष्टलिंग हळूहळू उजळत जायचं. खिडकीतलं ऊन त्याला येऊन टेकलं की पूजा संपली, असं घर समजे. ओल्या विभूतीचा गार वास, बेलाच्या पानावरून ओघळणारं पाणी, आणि श्वासाच्या लांबीचं, एकाच सुरातलं 'ॐ नमः शिवाय'. तोवर घरात कुणाच्या तोंडाला अन्न लागत नसे, भांडं वाजत नसे. शरणाप्पा माझे थोरले भाऊ. जिंतूरच्या बाजारातलं आमचं कापडाचं दुकान त्यांनी वाढवलं. मी परभणीत नोकरीला लागलो. गाव त्यांना आप्पा म्हणे, मुलगा आप्पा म्हणे, आणि मीसुद्धा.

थंडीतल्या कोरड्या हवेसारखा त्यांचा स्वभाव होता. स्वच्छ, आरपार दिसणारा, आणि ओठ फोडणारा. कापड द्यायचं तर कात्रीचं टोक ते काठाला नुसतं लावत आणि पुढचं दोन्ही हातांनी एका झटक्यात फाडत. तो आवाज मला अजून सरळ रेघेसारखा आठवतो. दिवसभरात गिऱ्हाइकांपुढे उलगडलेला प्रत्येक तागा संध्याकाळी पुन्हा काठाला काठ लावून घडी झाल्याशिवाय शटर खाली येत नसे. सणाच्या गर्दीतही नाही, अंगात ताप असतानाही नाही. आप्पांच्या दुकानातलं कापड धुतल्यावर तिरकं होत नाही, असं चारठाण्यापासून येलदरीपर्यंतच्या बायका एकमेकींना सांगत. रोजच्या एवढ्याशा घडीतून ते दुकान उभं राहिलं, हे मी पाहिलेलं आहे. त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण त्याच घडीत आणखी एक गोष्ट रोज दुमडली जात होती. शाळेतून आल्यावर महेश, त्यांचा एकुलता मुलगा, एखादा तागा आवरायला घेई. आप्पा त्याच्याकडे न बघता तो तागा ओढून घेत, उलगडत, पुन्हा घडी घालत आणि म्हणत, "असं नसतं." आवाज चढलेला नसे. जीभ जशी दातामागे विसावते तसे ते शब्द त्यांच्या तोंडात विसावलेले होते. महेशनं काढलेलं चित्र, त्याच्या कपाळावरचे विभूतीचे पट्टे, त्यानं लावलेली सायकल, पुढे त्यानं धरलेली नोकरी, त्यानं पसंत केलेली मुलगी. प्रत्येक गोष्ट त्या दोन शब्दांखालून गेली. राग नव्हता म्हणून ते बोलणं कुणाला टोचणं वाटलं नाही. पोराला वळण लावायलेत आप्पा, असं बाजार कौतुकानं म्हणे. चारठाण्याची एक म्हातारी गिऱ्हाईक तेवढी एकदा लुगडं निवडता निवडता म्हणाली होती, "आप्पा, वर गेल्यावर देवाला बी म्हणाल तुमी, असं नसतं." आप्पा ओठाच्या कोपऱ्यातून हसले. महेश हसला नाही.

आमच्याकडच्या बोअरच्या पाण्याचा क्षार भांड्याच्या तळाशी असाच बसतो. रोज पाहणाऱ्याला काही दिसत नाही, आणि एक दिवस कितीही खरवडलं तरी तो निघत नाही.

महेशनंही मग स्वतःला एक लहानशी सवय लावून घेतली. तो "बरं" म्हणे. वाद नाही, रुसवा नाही. बरं म्हणून तो खोलीबाहेर जाई, आणि दर वेळी आधीपेक्षा थोडा लांब जाई. असा जात जात तो पुण्याला पोचला. तिथं तो मोठा झाला, हे सरळपणानं लिहिलं पाहिजे. त्याच्या कामात चूक सापडत नाही, असं त्याचे वरिष्ठ म्हणतात. ते वळण आप्पांचंच आहे. फक्त ते वळण घेऊन तो ज्या दाराबाहेर पडला, त्या दारातून पुन्हा आत येणं त्याला जमेना.

कंपनीनं त्याला घरून काम करायची मुभा दिली तेव्हा वहिनींनी धीर करून त्याला जिंतूरला येऊन राहायला सांगितलं. आयुष्यात त्यांनी त्याच्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. तो म्हणाला, "आई, आप्पांनी एकदा तोंडानं राहा म्हणावं. मी सामान घेऊन येतो." हा निरोप आप्पांपर्यंत नेण्याचं काम माझ्याकडे आलं. मी दुकानात जाऊन सांगितलं. ते घडी घालत होते. हातातला तागा पुरा झाला, तो फळीवर गेला, मग म्हणाले, "दिवाळीला येऊ दे त्याला. बोलतो मी." पुढच्या रविवारी मी गेलो तर दुकानातल्या कापड मोजायच्या गजानं ते माजघराची खिडकीकडची भिंत मापत होते. महेशचं टेबल तिथं बसेल का, हे बघत होते. मला पाहून त्यांनी गज पाठीमागे धरला.

दिवाळीच्या आधीच त्यांना झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. परभणीच्या डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितलं, की अशा माणसाला सगळं कळतं, पण शब्द हाताशी येत नाहीत. जन्मभर घोकलेलं एखाद-दुसरं वाक्य मात्र कधी कधी शाबूत राहतं, आणि म्हणायचं काहीही असलं तरी तोंडातून तेच बाहेर पडतं. आप्पांचं तसंच झालं. पाणी हवं असलं तरी 'असं नसतं', कूस बदलायची असली तरी 'असं नसतं'.

घरी आणल्यावर ते अन्न घेईनात. पूजेशिवाय त्यांनी कधी घास घेतला नव्हता. डावा तळहात लिंग धरू शकत होता, पण विभूती लावणारा, बेल वाहणारा हात मेला होता. आमच्या जंगम स्वामींनी, लिंगायत घरांच्या गुरूंनी, मार्ग काढला. आंघोळ केलेल्या, लिंग धारण केलेल्या घरच्या माणसानं त्यांचं मनगट धरावं आणि त्यांच्याच बोटांनी पूजा करवून घ्यावी. महेश पुण्याहून आलेला होताच. तो त्यांच्या उजवीकडे बसला.

त्या सकाळी मी दाराशी उभा होतो. मुलानं बापाचा निर्जीव हात इतक्या हळुवारपणे उचलला, की त्या घरात इतकं मऊ काही घडल्याचं मला आठवत नाही. बोटं विभूतीत बुडाली, लिंगापर्यंत गेली, पान वाहिलं गेलं. आणि आप्पांच्या तोंडून 'ॐ नमः शिवाय' अखंड, स्पष्ट बाहेर पडलं. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं, वाचा परतली.

पूजा झाली. आप्पांनी मान वळवून महेशकडे पाहिलं. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. त्यांची नजर माजघरातल्या त्या भिंतीकडे गेली, परत मुलाच्या चेहऱ्यावर आली. कपाळावर घाम आला. मग शब्द आले.

"असं नसतं."

त्यांनी डोळे घट्ट मिटले, उघडले, पुन्हा सगळा जोर लावला. पुन्हा तेच.

"राहा म्हणायलेत रे ते तुला," वहिनी म्हणाल्या.

"कळायलंय मला, आई," महेश म्हणाला. "पण कानाला तेच ऐकू यायलंय."

त्यानं बापाच्या बोटांवरची विभूती ओल्या फडक्यानं एकेक बोट धरून पुसली, हात मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "बरं." तो शब्द त्यानं मुद्दाम उच्चारला, असं मी म्हणणार नाही. तोही जिभेवर आपोआप आला असावा. पण आप्पांच्या चेहऱ्यावर मघाशी आलेली आस उतरून गेली, ते मी पाहिलं.

रजा संपल्यावर महेश गेला. आप्पांचा हात मग वहिनी धरू लागल्या. उन्हाळा लागता लागता आप्पा गेले. मुलगा आला, सगळे विधी त्यानं चोख केले. स्वामींनाही कुठं बोट ठेवायला जागा सापडली नाही.

आता तो पुण्याहून रोज सकाळी आईला फोन करतो. बोलणं तेच ते असतं. जेवलीस का, औषध घेतलंस का, ऊन फार आहे का. बोलणं संपल्यावरही वहिनी काही वेळ फोन हातात धरून बसतात. ही सवय चांगली आहे, आणि रोजच्या रोज टिकली तर एक दिवस तीही माणसाच्या आत घर करेल. पण सवयीला मुरायला वर्षं लागतात, आणि वहिनींकडे आता तेवढी वर्षं उरलेली नाहीत.