तीन नळ्या

नातीचा पहिला दुधाचा दात पडला त्या वर्षी एका सकाळी घड्याळजी दवाखान्याच्या बाकावर बसून नऊ प्रश्नांच्या कागदावरून बोट फिरवत होता. अक्षरओळख चाळिशीत झालेली. ओठ हलवल्याशिवाय वाचणं जमत नसे. हात थरथरायला लागल्यावर त्याने दुकान बंद केलं, आणि बाबा फार गप्प झालेत म्हणून लेकीने त्याला इथे आणलं होतं. बायको पिशवी मांडीवर घेऊन शेजारी बसली होती.

सगळीकडे ‘अजिबात नाही’वर खूण पाहून नर्स म्हणाली, "आजोबा, एकदाही उदास वाटलं नाही?"

"वाटलं की. दुकानाला कुलूप लावलं त्या दिवशी. पण तुमचा कागद गेल्या पंधरवड्याचं विचारतोय."

लेकीने कपाळाला हात लावला. नर्सने थुंकी तपासायला तीन नळ्या दिल्या. उठल्याउठल्या, अर्ध्या तासाने आणि झोपताना कापसाचा बोळा चघळायचा, नळीत टाकायचा.

आठवड्याने तिघं पुन्हा आले.

"कागदावर तुम्ही ठणठणीत," नर्स म्हणाली. "थुंकीत मात्र ताणाचं हार्मोन सकाळी जेवढं, जवळजवळ तेवढंच रात्री. ते उतरायला हवं. एवढ्यावरून आजार ठरत नाही, पण विचारावं लागतं."

घड्याळजी हसला. "मी कुठे चघळला तुमचा कापूस? मी काय वासरू आहे?"

"बाबा! मग नळ्या भरल्या कुणी?"

त्याची बायको पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती.

"मी," ती म्हणाली. "हे ऐकेनात. तू एवढी धडपड केलीस, रिकाम्या कशा परत द्यायच्या? वेळा मात्र अगदी बरोबर पाळल्या."

"आई, तू म्हणजे ना!" लेक खळखळून हसली. नर्स हसली नाही.

"आजी, झोप लागते?"

"आता या वयात कसली झोप."

नर्सने नवा कागद पुढे केला.

"चष्मा घरी राहिला गं."

"आण इकडे," घड्याळजी म्हणाला. "मी वाचतो."

तो एकेक प्रश्न बोट ठेवून वाचू लागला. कामात मन लागत नाही का? रोज. उदास वाटतं का? रोज. भाजी सांगावी तशी बायको उत्तरं सांगत होती. त्याच्या खुणा चौकटीबाहेर जात होत्या. लेकीचं हसू कधीच थांबलं होतं.

नवव्या प्रश्नावर त्याचे ओठ हलले, आवाज आला नाही.

"अहो, वाचा ना."

"मेलेलं बरं," तो म्हणाला, "असं वाटतं का?"

तिने पिशवीकडे पाहिलं.

"रोज नाही."

घड्याळजीने पेन खाली ठेवलं. तिच्या बोटाला पिशवीचा बंद इतका आवळला होता की टोक पांढरं पडलं होतं. थरथरत्या हातांनी तो एकेक वेढा सोडवू लागला. वेळ लागला. नर्स डॉक्टरांना बोलवायला उठली होती. ते दारात येऊन तसेच उभे राहिले.

उपचार लांबले. गोळ्या दोनदा बदलाव्या लागल्या, आणि त्या रोज वेळेवर हातात ठेवायचं काम घड्याळजीने कुणाला दिलं नाही. चौथ्या वर्षी तो हृदय बंद पडून गेला. ती नातीचं लग्न पाहून, पुढच्या थंडीत, न्यूमोनियाने गेली. तेव्हा ती एक्याऐंशी वर्षांची होती.