जुन्या शिलाईची रेघ

"ताई, हे काय आहे?"

बारकीने निळी पँट उलटी करून माझ्या मशीनवर टाकली. समोर एक गिऱ्हाईक बाई कंबरेचं माप द्यायला हात वर करून उभी होती आणि टेप माझ्या हातात होता. सकाळी दहा वाजता बारकी ऑफिस सोडून दुकानात येत नाही. मी पँटकडे पाहिलंच नाही. चोराला आपली चोरी ठाऊक असते.

"संध्याकाळी घरी बोलू गं."

"आत्ता सांग."

"बहीण का तुमची?" गिऱ्हाईक बाई मधेच म्हणाली. "काय अंगकाठी आहे हो! आम्ही नुसता वास घेतला तरी आमच्या अंगाला लागतं. काय खाता तरी काय तुम्ही?"

कात्री हाताशी नव्हती, हे त्या बाईचं नशीब. "उद्या या," म्हणून मी तिला माप न घेताच वाटेला लावलं.

बारकी म्हणजे माझी धाकटी बहीण. चव्वेचाळीस वर्षांची आहे, पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात लोकांच्या तक्रारी लिहून घेते, पण घरात ती बारकीच. सोळाव्या वर्षी तिने जेवण टाळायला सुरुवात केली. आईला वाटलं, नखरे आहेत. मला वाटलं, परीक्षेचं टेन्शन. त्याला आता अठ्ठावीस वर्षं झाली. दवाखाने झाले, नाकातून नळ्या झाल्या, ठरलेलं लग्न मोडलं, आई गेली. जाताना आई एवढंच म्हणाली, "हिला जेवू घाल गं."

लोक म्हणतात, एवढी शिकलेली बाई, दोन घास खाता येत नाहीत? अहो, मलाही तसंच वाटायचं. एकदा रागाच्या भरात मी तिचं ताट भिंतीवर फेकलंय. ती खाली बसून भाताची शितं वेचत होती आणि "सॉरी ताई, सॉरी ताई" म्हणत होती. त्यानंतर मी तिच्यावर कधी आवाज चढवला नाही.

मागच्या वर्षी ती पुन्हा हॉस्पिटलात होती. तिथे तिला वजनकाट्यावर पाठमोरी उभी करत, आकडा दिसू देत नसत. सोडायच्या दिवशी नर्सबाईंनी मला बाजूला घेतलं. "बरी कधी होणार, ते विचारू नका. आज जेवली का, एवढंच बघा. तिच्याबरोबर जेवायला बसा, ताटात डोकावू नका, भलत्याच गप्पा मारा. 'तब्येत सुधारली', 'छान दिसतेस' हे चुकूनसुद्धा म्हणायचं नाही. आणि तिच्याशी खोटं बोलू नका. तिचा आजार तिच्याशी रात्रंदिवस खोटं बोलतो. एक तरी माणूस खरं बोलणारं हवं तिला."

मी सगळं पाळलं. शेवटचं तेवढं सोडून.

घरी आल्यावर दोनेक महिन्यांनी एका सकाळी निळी पँट चढवताना तिचा हात बटणाशी थांबला. त्या दिवशी डबा गेला तसा परत आला. दुसऱ्या दिवशीही. तिचे सगळे कपडे मीच शिवलेले, आत शिलाईपलीकडे भरपूर माया, म्हणजे जादा कापड, सोडलेली. ती आंघोळीला गेली तशी मी पँट घेऊन बसले, शिलाई उसवली, अर्धा इंच बाहेर घेतली, ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवली, म्हणजे जुन्या टाक्यांची भोकं बुजतात. तिने पँट चढवली. बटण लागलं. संध्याकाळी डबा रिकामा आला.

मग काय, मला चटकच लागली. एकेक करून सगळे कपडे बाहेर घेतले, आणि पुढे गरज पडली तेव्हा आणखी अर्धा इंच. सात महिने. त्या सात महिन्यांत ती माझ्या विनोदांना हसायला लागली होती, आणि माझे विनोद काय लायकीचे असतात ते मला माहीत आहे. एकदा तर आपणहून म्हणाली, "ताई, अजून भात आहे का गं?" मी तिच्याकडे न बघता म्हटलं, "असेल बहुतेक," आणि आत जाऊन भांड्यात तोंड घालून रडले.

आणि आता ती पँट माझ्या मशीनवर उलटी पडली होती. उलटी वाळत घातल्यावर भर उन्हात भोकांची रेघ दिसते. टेलरच्या बहिणीला ती कुणी दाखवावी लागत नाही. लहानपणी माझ्या गिऱ्हाइकांच्या शिलाया हीच तर उसवून द्यायची.

"किती?" तिने विचारलं.

"थोडीशीच गं."

"किती इंच, ताई?"

"अर्धा. मग परत अर्धा."

"सगळ्या कपड्यांची?"

मी मान हलवली. ती गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली.

"तू जेवत होतीस गं! हसत होतीस! मी काय करायला हवं होतं, सांग ना!"

"मी जेवत होते, कारण कपडे होत होते," ती म्हणाली. "रोज सकाळी बटण लावून बघायचे. लागलं की स्वतःला सांगायचे, बघ, भात खाल्ला तरी काही होत नाही. डोकं खोटं बोलतंय. ताई, मला वाटलं होतं, मी बरी होतेय."

"होतच होतीस!"

"नाही. डोकं खरं बोलत होतं. खोटं तू बोलत होतीस."

ती चिडली असती, तर मी भांडले असते. ती शांतपणे उठली, पँटची घडी केली आणि गेली.

मी नर्सबाईंकडे गेले. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "तिच्याजवळ चूक कबूल करा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करा," म्हणाल्या. मी बारकीला म्हटलं, "चुकलं माझं." ती म्हणाली, "असू दे." दोन्ही वेळा जेवायला आम्ही समोरासमोर बसतो. मी भलत्याच गप्पा मारते. ती बटाट्याच्या फोडीचे आठ तुकडे करते आणि ताटात फिरवत बसते. हॉस्पिटलचं नाव काढलं की उठून जाते. अजून भात आहे का, असं पुन्हा तिने विचारलं नाही.

चार महिन्यांनी, काल, ती दुकानात आली. तीच निळी पँट घेऊन.

"ऑफिसात घसरते. आत घेऊन दे. आणि खरं माप घे."

मी टेप लावला. तिच्या कंबरेशी माझी बोटं हाडाला लागली. आकडा मोठ्याने सांगितला. तो ऐकून तिच्या चेहऱ्यावर समाधान आलं.

पँट उलटी करून मी जुनी रेघ शोधली. इस्त्रीने बुजली असं मला वाटलं होतं, ती भोकं सगळी तिथेच होती. पण ती रेघ पुरली नाही. तिच्याही आत बोटभर शिलाई घ्यावी लागली. एवढं जादा कापड एरवी मी कापून टाकते, नाहीतर शिलाई फुगते.

"काप ना," ती म्हणाली. "टोचेल."

"राहू दे. पुढे लागेल."

"लागेल, असं वाटतं तुला? खरं सांग, ताई."

मी मशीनचं चाक थांबवलं. अठ्ठावीस वर्षांत मला तिने इतकं सरळ काही विचारलं नव्हतं.

"नाही वाटत," मी म्हटलं.

आणि कापड न कापता आत दुमडून घेतलं, आणि टाके घातले.