फ्लेक्सवरची मोकळी जागा

पहिला कोयता फ्लेक्सवर बसला. रविराजच्या हसऱ्या चेहऱ्यावरून तो आडवा फिरला, कापड टर्रकन फाटलं आणि चौकात चहा पिणारी माणसं हातातले ग्लास तिथंच टाकून पांगली.

"कुणी बसवलं मला कडंला? नाव सांगा त्याचं!" ओंकार ओरडत होता.

निघोज्याच्या चौकात त्याच्यासमोर जायची कुणाची छाती नव्हती. रस्त्यापलीकडे कॉलेजची बॅग पाठीला लावून पुनम उभी होती. तो फ्लेक्स तिनंच केला होता.

पुनम बारावीला होती आणि चित्रकला हा विषय तिनं भांडून घेतला होता. आप्पांना, म्हणजे तिच्या वडिलांना, ते थेर वाटत. त्यांची सगळी हयात कंपनीच्या फर्स्ट शिफ्टमध्ये गेली. पोरीनं नर्सिंग करावं, एवढी साधी त्यांची अपेक्षा होती. पुनमच्या बाजूनं घरात एकटा तिचा थोरला भाऊ उभा राहिला, रविराज. तो कंपन्यांना कामगार पुरवायचा, आणि वेळ पडली तर ते काम दुसऱ्या कुणाला मिळू नये म्हणून डोकीही फोडायचा. गावातली निम्मी पोरं त्याच्यामुळं कामाला लागली होती आणि उरलेली त्याला घाबरून होती. पुनमला मात्र तो पिंपरीहून आठवणीनं जलरंग आणणारा दादा होता. त्याचं दुसरं रूप तिला ठाऊक नव्हतं असं नाही, पण घरात तो विषय कुणी काढत नसे.

"डिझाइनच्या प्रवेश परीक्षेला बसायचंय दादा. आप्पा न्हाई म्हणत्यात," ती म्हणाली होती.

"बस की. आप्पांचं मी बघतो. पण माझ्या वाढदिवसाचा फ्लेक्स यंदा तू करायचा. सगळ्या तालुक्यात नसंल असा."

पोरगी हरखली. सांगवीहून स्कूटरवर येणाऱ्या चित्रकलेच्या सुमेधा मॅडमनी जे जे शिकवलं होतं, ते सगळं तिनं त्या फ्लेक्सवर ओतलं. सगळे चेहरे दाटीवाटीनं कोंबले तर कुणीच दिसत नाही, मॅडम सांगायच्या. जागा मोकळी सोडायला शिका. माणूस ज्या बाजूला बघतोय त्या बाजूला जागा ठेवा, नजर चित्राच्या आत आली पाहिजे. पुनमनं रविराजला मोठा, एकटा ठेवला. खाली शुभेच्छुकांच्या फोटोंची एकच बारीक ओळ. त्यात ओंकारचा फोटो डावीकडे बघणारा होता, म्हणून तिनं त्याला उजव्या टोकाला बसवला. फोटो उलटा फिरवला असता, पण मग टी-शर्टवरची अक्षरं उलटी झाली असती.

"एवढी जागा मोकळी?" रविराजनं स्क्रीनकडे बघून डोकं खाजवलं. "हितं चार पोरं बसली असती."

"मग तू दिसणार न्हाईस दादा."

तो हसला. "आपल्याला यातलं काय कळत न्हाई बाबा. तू म्हणशील तसं."

खरं तर त्याच्याइतकं यातलं कुणालाच कळत नव्हतं. कुणाचा फोटो कुणाच्या शेजारी लावायचा, हार आधी कुणाला घालायचा, हे त्याला तोंडपाठ होतं. त्यावरच तर त्याचं सगळं चालायचं. पण बहिणीच्या कौतुकात त्यानं खालची ओळ नीट बघितलीच नाही. मॅडमनी बघितली. "तो कडेचा मुलगा किती छान बसलाय! सगळं चित्र त्यानं धरून ठेवलंय," त्या म्हणाल्या, आणि पुनम दिवसभर हवेत होती.

वाढदिवसाच्या सकाळी चौकात पोरांनी ओंकारची खिल्ली उडवायला सुरुवात केली. "ओंकारभाऊ, पंगतीच्या टोकाला बसवलं की राव तुमाला!" ओंकार रविराजचा उजवा हात होता. रविराजसाठी त्यानं पोटात चाकू खाल्ला होता, रविराजच्या गुन्ह्यात आत जाऊन आला होता. कालपरवाची पोरं रविराजच्या जवळ आणि तो शेवटी, कडेला. त्याचा अर्थ चौकात एकच होत होता.

रविराज गाडीवरून आला तेव्हा फ्लेक्सच्या चिंध्या लोंबत होत्या.

"ओंक्या, कोयता खाली ठेव. घरी चल, बोलू."

"घर ऱ्हाऊ दे. मला कडंला कुणी बसवलं?"

रविराजची नजर रस्त्यापलीकडे गेली. पुनम काहीतरी बोलायला तोंड उघडत होती. त्यानं तिला मानेनंच नको म्हटलं.

"मी बसवलं," तो म्हणाला.

दुसरा वार त्यानं हातावर झेलला. तिसरा खांद्यात रुतला, आणि कोयता ओढून काढताना जो आवाज झाला तो पुनमच्या कानांतून पुढं कधीच गेला नाही. रविराज गुडघ्यावर आला तरी ओंकार थांबेना. चौथा मानेवर बसला. पुनम धावत सुटली, बॅग कुठं पडली तिचं तिला कळलं नाही.

"मी केलाय ओंकारदादा! फ्लेक्स मी केलाय!"

कोयता वरच्या वर थांबला. ओंकार तिच्याकडे बघत राहिला. हिच्या हातची भाकरी त्यानं कितीदा खाल्ली होती.

"तू डावीकडं बघत हुतास," ती भावाची मान दोन्ही हातांनी दाबून धरत म्हणाली. बोटांमधून रक्त येतच होतं. "तुझी नजर आत यावी म्हणून... कडंची जागा सगळ्यात चांगली असती रं..."

ओंकारला एक शब्दही कळला नाही. तो तिथंच रस्त्यावर बसला आणि पोलीस येईपर्यंत उठला नाही. रविराज चाकणच्या दवाखान्यापर्यंतही पोचला नाही.

दहाव्याच्या आदल्या दिवशी रविराजची पोरं घरी आली. आई आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली, आप्पा दाराशी गुडघ्यात मान घालून बसलेले. श्रद्धांजलीचा फ्लेक्स हवा होता. फोटोही त्यांनीच आणला होता, रविराज कोयत्यानं केक कापतोय तो. खाली ओळ टाकायची होती, 'भाऊ, हिशोब होणार.' ओंकारचा धाकटा भाऊ अजून गावातच होता. हिशोब कुणाचा, हे सांगायची गरज नव्हती.

पुनमनं ऐकून घेतलं आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. तिनं आधीच करून ठेवला होता. एका लग्नात तिनंच काढलेला रविराजचा फोटो, उजव्या कडेला. खाली त्याचं नाव. बाकी काही नाही.

"कोयता कुठंय? आमची नावं?"

"न्हाई टाकणार."

"कर म्हणलं ना!" एकानं तिचा हात मनगटातून पिरगाळला. दुसऱ्यानं ड्रॉइंग बोर्डला लाथ घातली. ब्रशांची बरणी फुटली, रंग फरशीवर सांडले. मनगटातून कळ डोक्यात गेली तरी तिनं नकारार्थीच मान हलवली.

आप्पा कधी उठले कुणाला दिसलं नाही. त्यांची थप्पड अशी बसली की हात पिरगाळणाऱ्याच्या ओठातून रक्त आलं.

"माझ्या घरात माझ्या पोरीला हात लावतो व्हय रं?"

"आप्पा, आमी भावासाठीच..."

"एक गेला. आता कुणाच्या आईला रडवायचंय? दुसरीकडनं फ्लेक्स करून आणा जावा. ज्या चौकात लावाल तितं येऊन मी फाडीन."

पोरं शिव्या देत गेली. आप्पा लॅपटॉपपुढं बसले आणि लेकाकडे बघू लागले.

"ह्याला कडंला का बसवलास?"

पुनमनं स्क्रीनवरच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

"तो तिकडं बघतोय आप्पा. त्याच्यापुढं जागा लागती."

आप्पांनी त्या जागेकडे बघितलं. तिथं काहीच नव्हतं, नुसता पांढरा रंग.

"ऱ्हाऊ दे मोकळी," ते म्हणाले.

मग ते खाली वाकले आणि काचांमधून एकेक ब्रश उचलून सदऱ्याच्या टोकानं पुसू लागले. सगळे पुसून झाल्यावर त्यांनी ते तिच्या दुखऱ्या हाताशी ठेवले.

"परीक्षा कवा हाय तुझी?"