जुवाएवढी वाट

पहाटे धाकटीनं चूल पेटवली, चहाचं आधण ठेवलं आणि सरपणाच्या ढिगात हात घातला. हाती आला तो लाकडाचा गुळगुळीत तुकडा. एक टोक वापरानं काळं पडलेलं, दुसरं नुकतंच करवतीनं कापलेलं, पांढरंफटक. तो बैलांच्या जुवाचा तुकडा होता. चुलीत न घालता तिनं तो गवताच्या पाटीत, विळ्याखाली ठेवला.

गावची नदी पुढं काटेरी तारेखालून दुसऱ्या देशात जाई. उन्हाळ्यात गावकरी पात्रात वाळूच्या पोत्यांचा बांध घालत. पण मधोमध एका ठरलेल्या जुवाच्या लांबीएवढी वाट खालच्या गावासाठी मोकळी सोडत. तार ठोकली जाण्याआधीपासून दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी लावून दिलेलं हे माप. त्या खालच्या गावातच थोरली बहीण दिलेली होती.

पाटी घेऊन धाकटी नदीवर पोचली तेव्हा भांडण जुंपलेलं होतं.

"ही जुवाएवढी वाट?" थोरली तारेपलीकडून ओरडत होती. "शेळीसुद्धा अडकेल हिच्यात! आमची वांगी करपली!"

धाकटीच्या दिरानं जू वाटेवर आडवं धरलं. "माप बघा की डोळे उघडून! आमच्या पंपाचा पाइप फोडलात, तेव्हा कुठं गेलं होतं माप?"

"आधी पाणी तुम्ही तोडलंत!"

"वरच्या धरणवाल्यांना विचार जा. ते आम्हालाच थेंब थेंब सोडतात. आणि नदी आमच्या देशातनं येते."

"ढगांवरही तुमचाच शिक्का आहे का, पाहुणे?"

धाकटी पुढं झाली. "ताई, जरा थांब."

"तू बोलूच नकोस! तूही त्यांच्यातलीच!"

ते वर्मी लागलं. तरी धाकटी बांधावर चढली आणि पाटीतला तुकडा तिनं जुवाच्या कापलेल्या टोकाला लावला. रेषेला रेष मिळाली. बांधावरची माणसं पायाखालच्या वाळूकडं बघू लागली.

दीर दातओठ खात म्हणाला, "वहिनी, पंप माझा आहे. पोतं हललं, तर तुझ्या मिरचीला घोटभरही पाणी मिळायचं नाही."

धाकटीनं काठावरच्या मिरचीकडं एकदा पाहिलं. फुलं नुकतीच धरली होती. मग तिनं पदर खोचला, वाटेच्या कडेच्या पोत्याचे कान धरले आणि तुकड्याएवढी जागा मोकळी होईपर्यंत ते ओढलं. पाणी खळाळत तारेखाली गेलं.

"इतके दिवस झोपली होतीस?" पलीकडून थोरली म्हणाली.

धाकटी घराकडं वळली. घरात शोधून तिनं दोन घागरी काढल्या आणि मिरचीसाठी त्या भरायला पुन्हा नदीवर आली.