बांगड्यांचा नवस

माणिकला मी पायघोळ परकर शिवले होते. एवढ्याशा पोरीला परकर कसले, असं आंबोलीतल्या बायका विचारायच्या आणि मी हसून वेळ मारून न्यायची. परकराखाली तिचे पाय गुडघ्यापासून बाहेर वाकलेले होते. मुडदूस.

मला सातवा लागला होता. वसुधाबाई डॉक्टरांनी माणिकला तपासलं आणि तिला खाली ठेवता ठेवता माझ्याकडे वळल्या.

"जेवणात मासे असतात ना रोज?"

मी माणिकचा परकर सारखा करू लागले.

"असायला हवेत. आतल्या बाळाची हाडं तुझ्या ताटातून घडणार. ड जीवनसत्त्व नसेल तर नुसतं दूध पिऊन काही अंगी लागत नाही. बांगडे खा, तारल्या खा, अंड्यातलं पिवळं खा. माशाचं तेल तर तू ओकून टाकतेस. आणि या पावसात ऊन तरी कुठून आणणार?"

खरं सांगायला तोंड उघडेना. आम्ही मालवणकडचे. एरवी मासा नसेल तर सासूबाईंना घास जायचा नाही. पण माणिकचे पाय वाकू लागले तेव्हा त्या गावच्या देवीला नवस बोलल्या होत्या. दुसरं मूल सरळ हाडांचं होऊ दे, ते पदरात पडेपर्यंत या घरात मासा-अंडं शिरणार नाही आणि सुनेच्या तोंडी लागणार नाही. जे आवडतं तेच सोडायचं असतं, नाहीतर देवीने ऐकावं कशाला?

नवसाने हाडं सरळ होत नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. बी.ए. झाले होते मी. पण नवस मोडला तर काहीच होत नाही, हे तितकंसं पक्कं ठाऊक नव्हतं.

यांना सांगितलं तर म्हणाले, "आईशी तू बोल बाई. त्या दोघींच्या मधे मी नाही पडायचा." दोघी म्हणजे आई आणि देवी.

शेवटी बोलले ते कॉन्सेप्टाशी. ती आमची घरमालकीण. मधे फक्त विहीर, पलीकडे तिचं घर. तिने ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

"तुझी सासू पण ना. दुधीभोपळा सोडायचा ना नवसात. देवी काय बघायला येणार होती?"

"चेष्टा करू नको गं."

"चेष्टा नाय करत. उद्या दुपारी ये. दार लावून घेते. तू खा, मी कोणाला नाय सांगत."

दुसऱ्या दिवशी माणिकला कडेवर घेऊन गेले. कॉन्सेप्टाने बांगडे तळले होते. माणिकला तिने अंडं भरवलं. मी पहिला घास घेतला आणि कान दाराकडे लागले. चव कळलीच नाही. तरी खाल्लं, काटा चोखून खाल्लं, हाताला तीनदा साबण लावला आणि घरी आले.

जेवणानंतर पोटातलं हटकून लाथा मारायचं. त्या दिवशी नाही मारल्या.

मी आडवी झाले. कूस बदलली. पोटावर तळवा ठेवून वाट बघितली. दुपार कलली, माणिक झोपून उठली, कॉन्सेप्टाच्या कोंबड्या परतल्या. आत काही हललं नाही. डोक्यात एकच चाललं होतं: घास कुणी घेतला आणि शिक्षा कुणाला.

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली.

"काय होतंय गो?"

"हलत नाही."

सूप बाजूला ठेवून त्या जवळ आल्या. पोटावरचा माझा हात उचलताना थबकल्या आणि तो नाकाशी नेला. साबणाने वास गेला नव्हता.

मला वाटलं आता ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत.

"कोणी सांगितलान?"

"डॉक्टरांनी. बाळाची हाडं त्यानेच घट्ट होतात म्हणाल्या. नाहीतर याचेही पाय..." मी माणिककडे बघितलं.

त्याही तिच्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे मीच ह्येका उपाशी ठेवलंय?"

नाही म्हणायला हवं होतं. माझ्याच्याने म्हणवलं नाही.

त्या उठल्या, गुळाचं पाणी केलं, मला डाव्या कुशीवर निजवून घोट घोट पाजलं. मग तिथेच बसून राहिल्या. दिवेलागण झाली तेव्हा आतून एक धक्का बसला. मग आणखी एक. मी त्यांचा हात ओढून तिथे ठेवला. डोळे मिटून त्यांनी तो बराच वेळ तसाच राहू दिला.

"आज हललं," त्या म्हणाल्या. "उद्याचं काय? ऊठ."

देवापुढे दिवा लावला. समोर नारळ ठेवला. त्या गाऱ्हाणं घालणार हे मी ओळखलं. आमच्याकडे एकाने गाऱ्हाणं घालायचं आणि दुसऱ्याने 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. त्याशिवाय ते पोचत नाही. एरवी हे काम यांचं. ते अजून हपिसातून आले नव्हते.

"गे आये," सासूबाईंनी हात जोडले, "नवस मी बोललंय, तो माझो. सुनेन मासो खाल्ल्यान तो पोराच्या हाडांसाठी. त्येचा काय व्हायचा ता माझ्या आंगार घाल. पोराक आणि तेच्या आवशीक, ह्या सुनेक, राख."

आणि त्या थांबल्या. माझ्यासाठी.

मला ते दोन शब्द म्हणता येईनात. म्हटले की मी या म्हातारीला पुढे ढकलणार होते. नाही म्हटले तर पोटातल्याला. असं काही नसतं, असं काही नसतं, मी मनात घोकत होते.

"म्हण गो," त्या मागे न बघता म्हणाल्या.

"व्हय म्हाराजा."

"मोठ्यान."

मी मोठ्याने म्हटलं.

दुसऱ्या दिवशी बाजारातून तारल्या त्यांनीच आणल्या. त्यांचं घट्टसर कालवण, तिखलं, केलं, पण स्वतः चाखायचं नाही म्हणून मीठ अंदाजाने घातलं. ते जास्त झालं होतं. मी भात वाढवून घेतला. त्या माझ्यासमोर वरणभात घेऊन बसल्या.

मी दुसरा घास घेतला आणि त्या खोकल्या. एकदाच. माझा हात ताटावरच थांबला.

"खा गो," त्या म्हणाल्या. "गार होतंय."