दोनची बोट

आर्नफिनने वाचनालयाच्या दारात ओले बूट काढले, पिशवी खुंटीखाली ठेवली आणि कॉफीच्या टेबलाकडे न वळता तो थेट भिंतीपाशी गेला. आठवडाभर लिस्बनला राहून तो तासाभरापूर्वीच बेटावर परतला होता. भिंतीवर त्याने काढलेले चाळीस फोटो टांगले होते.

गेली सोळा वर्षं तो दिवसाला एक फोटो काढत आला होता. अंगात ताप असताना, परगावी, रेल्वेच्या खिडकीतून, बापाला मूठमाती देऊन आल्यावरसुद्धा. एक दिवस चुकला नव्हता. नॉर्वेच्या त्या टोकाला हिवाळ्यात सूर्य दोन महिने तोंड दाखवत नाही; 'सूर्य दांडी मारतो, आर्नफिन मारत नाही,' असं बेटावरची माणसं म्हणत.

प्रदर्शनाची कल्पना वाचनालय सांभाळणाऱ्या रँडीची. जवळजवळ सहा हजारांतून चाळीस निवडणं त्याला काही जमेना.

"तू जा लिस्बनला. मी निवडते," त्याची बायको सिग्ने म्हणाली होती. इतक्या वर्षांत तिने त्याच्या फोटोंना कधी हात लावला नव्हता. त्याला बरं वाटलं होतं.

प्रत्येक फोटोखाली तिच्या अक्षरात एक पट्टी होती. तारीख आणि वेळ, बस्स. वेळ कॅमेऱ्याने आपणहून नोंदलेली. तो एकेक पाहत पुढे सरकला. बर्फातली टपालपेटी. शेजाऱ्याची म्हातारी कुत्री. कोपऱ्यातल्या शेवटच्या फोटोपाशी चारपाच माणसं उभी होती. ती बाजूला झाली आणि त्याचे पाय तिथेच थांबले.

धक्क्याला लागलेली बोट. तिचं तोंड उघडं, आत शिरणारी कुणाचीतरी लाल गाडी. ढग फाटून त्या तेवढ्या पाण्यावर ऊन सांडलेलं. खाली पट्टी: ९ मार्च, दुपारी १:५२. आणि अकरा वर्षांपूर्वीचं साल.

त्या दुपारी सिग्नेने खाडीपलीकडच्या इस्पितळातून फोन केला होता. "दोनची बोट पकड. टुवा सारखी तुलाच विचारतेय." टुवा त्यांची मुलगी, नऊ वर्षांची. आर्नफिन पोचला तो पाच चाळीसच्या बोटीने. तोवर परिचारिकेने खोलीतली खिडकी उघडून ठेवली होती, माणूस गेल्यावर तिकडे उघडतात तशी.

"गाडी सुरूच होईना," तो म्हणाला होता. "चालत आलो. धक्क्यावर पोचलो तर बोट सुटलेली."

"तू तरी काय करणार," सिग्ने म्हणाली होती. पुढे कुणी विचारलं की तीच सांगायची, गाडीने ऐन वेळी दगा दिला म्हणून. ती गाडी तिला डोळ्यांसमोर नको झाली, तेव्हा त्याने ती महिनाभरात विकून टाकली. गाडी ठणठणीत होती.

आठ मिनिटं पुष्कळ होतात असं त्याला वाटलं होतं. की त्या खोलीत जायचं धैर्य नव्हतं म्हणून तो खडकावर चढला होता? त्याचं त्यालाही कधी नीट सांगता आलं नव्हतं.

"सगळ्यांत देखणा हाच," रँडी म्हणाली. "सिग्नेने तो मुद्दाम शेवटी लावायला सांगितला."

सिग्ने कॉफीचा कप घेऊन आली. तिने तो त्याच्या हातात दिला, नीट, कानाची बाजू त्याच्याकडे करून.

"हे ऊन किती वेळ होतं रे?" तिने विचारलं.

"कुठलं?"

"हे. पाण्यावरचं."

त्याने कपात पाहिलं. "दहाएक मिनिटं."

"आणि तू त्याच्यासाठी थांबलास," रँडी कौतुकाने म्हणाली.

"थांबला ना," सिग्ने म्हणाली.

बोटीवरचा ओडवार वॉफल चावत पुढे झुकला. "आमचीच की ही, दोनची. हा वर खडकावर उभा असायचा आणि मी खालून हात करायचो, येतोस का म्हणून. कितीदा तसाच टाकून गेलोय याला." तो हसला. आजूबाजूचेही हसले. तारखेकडे त्याचं लक्ष नव्हतं.

आर्नफिनने सिग्नेकडे पाहिलं. तिचे डोळे रडलेले नव्हते. रडणं मागच्याच आठवड्यात उरकलं असावं, तो लिस्बनला असताना, रिकाम्या घरात.

"सिग्ने," तो हळूच म्हणाला, "घरी जाऊन बोलू या."

"घरी काय बोलायचं?" ती नेहमीच्याच आवाजात म्हणाली. मग ओडवारकडे वळली. "प्रदर्शन संपलं की हा फोटो धक्क्यावरच्या खोलीत लावायचाय. बोटीची वाट बघत माणसं बसतात तिथे. मी देऊन टाकलाय. पट्टीसकट."

"वा, छानच," ओडवार म्हणाला. "बाकासमोरची भिंत रिकामीच आहे. सोमवारी सकाळी मीच खिळा मारतो. आर्नफिन, शाळेत शिकवायला तू रोज पलीकडे जातोस ना? कितीची बोट असते तुझी?"



"सातची," सिग्ने म्हणाली. "पण तो हल्ली लवकर जाऊन बसतो."